राखेला पाणी आणि सवड

सिमेंटची गोणी समोर आली की मी तिच्यावरचा मजकूर वाचते. शिक्षिकेची खोड, दुसरं काय! वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मला टाकवत नाही. तर हल्ली बहुतेक गोण्यांवर ‘पोर्टलँड पोझोलाना सिमेंट’ असं ठळक अक्षरांत आणि जवळच ‘फ्लाय ॲश बेस्ड’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे आपण सिमेंट म्हणून जे विकत घेतो त्यात औष्णिक वीजकेंद्रातली कोळशाची राख असते. चिमूटभर नाही, भारतीय मानकाप्रमाणे चांगली १५ ते ३५ टक्के. आमच्या शेजारच्या नानांना हे सांगितलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "घ्या! आता सिमेंटमध्येसुद्धा भेसळ!"

नानांचं काय चुकलं? राख म्हटली की आपल्याला भांडी घासायची राख आठवते.

या विषयाच्या नादी मी लागले ती माझ्या पुतण्याच्या मुलामुळे. तो स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. शेवटच्या वर्षाला त्याने प्रकल्प घेतला होता: कारखान्यातला टाकाऊ माल घातलेल्या काँक्रीटची ताकद, ते कसं ओलं ठेवलं यावर किती अवलंबून असते. अहवालात ‘पूर्वपीठिका’ नावाचं प्रकरण लागतं. आजी इतिहास शिकवायची, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. त्याला दोन पानं हवी होती. मी वाचत गेले आणि दोनशे पानी वही भरली. त्याच्या अहवालात दोनच पानं गेली. उरलेल्यातलं थोडं इथे लिहिते, म्हणजे नात्यातल्या ज्यांची घरं बांधून व्हायची आहेत त्यांच्या तरी उपयोगी पडेल.

सुरुवात आपल्या चुन्यापासून करू. माझ्या लहानपणी, म्हणजे १९५५-६० च्या सुमाराला, गावात मोठं बांधकाम निघालं की आधी चुन्याचा घाणा मांडला जाई. जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर, त्यात उभं दगडी चाक आणि त्याला जुंपलेला बैल. विझवलेला चुना, वाळू आणि सुर्खी असं त्या चरात पडायचं आणि बैल दिवसभर गोल गोल फिरायचा. सुर्खी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. भट्टीत फुटलेल्या, वाकड्या झालेल्या विटा फेकून न देता कुटायच्या आणि चुन्यात घालायच्या. नुसता चुना हवेवर सुकतो आणि पाण्यात टिकाव धरत नाही. सुर्खी घातलेला चुना पाण्यातही घट्ट होतो. केरळातलं मुल्लपेरियार धरण १८९५ मध्ये पुरं झालं ते चुना-सुर्खीतच. टाकाऊ माल बांधकामात घालणं ही काही आजची टूम नाही.

सुर्खी जे काम करते तेच काम ज्वालामुखीची राख करते, हे रोमन लोकांना ठाऊक होतं. व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की नेपल्सच्या आखाताजवळ एक भुकटी सापडते. ती चुन्यात आणि दगडांच्या खडीत मिसळली तर बांधकाम समुद्राच्या पाण्याखालीसुद्धा कठीण होतं. तिथल्या पोझ्झुओली गावावरून या जातीच्या पदार्थांना ‘पोझोलाना’ हे नाव पडलं. आपल्या गोणीवर छापलेला शब्द तो हाच! हेरोद राजाने आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावर सीझेरियाचं बंदर बांधलं तेव्हा ही राख नेपल्सच्या बाजूने जहाजांत भरून नेली होती. त्या बंदराचं काँक्रीट दोन हजार वर्षं खाऱ्या पाण्यात आहे. २०१७ साली मेरी जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा काँक्रीटचे नमुने तपासून दाखवलं, की समुद्राचं पाणी आत झिरपत राहिल्यामुळे त्यात नवे खनिज स्फटिक तयार होत गेले. म्हणजे त्या काँक्रीटला पाणी घालण्याचं काम समुद्राने केलं, आणि ते अजून चालूच आहे.

हा पाण्याचा धागा लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

१८२४ मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. चुनखडी आणि माती एकत्र भाजून केलेली ही भुकटी पुढे सुधारत सुधारत आजच्या सिमेंटपर्यंत आली. चुन्याला जे जमायला महिने लागत ते सिमेंट दिवसांत करू लागलं. मग घाणा गेला, बैल गेला आणि सुर्खीही मागे पडली. पण त्याच शतकात कारखान्यांनी नवी ‘सुर्खी’ तयार करायला सुरुवात केली होती. लोखंड गाळताना झोतभट्टीत वर मळी तरंगते, तिला स्लॅग म्हणतात. ती सावकाश थंड होऊ दिली तर नुसता दगड होतो. पण वितळलेली असतानाच तिच्यावर जोरात पाणी सोडलं तर काचेसारखे वाळूएवढे दाणे होतात, आणि या दाण्यांत सिमेंटासारखा घट्ट होण्याचा गुण लपलेला असतो. हे १८६२ मध्ये जर्मनीत एमिल लांगेन यांच्या लक्षात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीने अशा स्लॅग सिमेंटसाठी मानकंही केली.

कोळशाच्या राखेची पाळी नंतर आली. जुन्या शेगड्यांतून आणि बॉयलरांतून निघायची ती जाड खंगर. १९२० च्या दशकापासून वीजकेंद्रांत कोळसा पिठासारखा दळून, हवेत उडवून जाळायला लागले, तेव्हा राखही पिठासारखी बारीक होऊन धुराबरोबर उडायला लागली. हीच ‘उडती राख’, फ्लाय ॲश. ज्वाळेत तिचे कण वितळतात आणि उडता उडताच गार होतात, म्हणून ते काचेच्या इवल्या इवल्या गोळ्यांसारखे असतात. धुरातून ही राख पकडणारी यंत्रं आली आणि वीजकेंद्रांच्या दारात ढिगारे साचायला लागले. त्या ढिगाऱ्यांचं करायचं काय? कॅलिफोर्निया विद्यापीठातले रेमंड डेव्हिस आणि त्यांचे सहकारी यांनी ही राख घातलेल्या सिमेंटचा आणि काँक्रीटचा पद्धतशीर अभ्यास करून १९३७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आजच्या सगळ्या राखमिश्रित काँक्रीटचं मूळ त्या निबंधात आहे.

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मलाही नातवाने तीनदा समजावून सांगितलं. सिमेंट ‘सुकतं’ असं आपण म्हणतो, पण ते सुकून कठीण होत नाही. ते पाणी पितं, पाण्याशी त्याचा संयोग होतो आणि त्यातून चिकट, घट्ट असा पदार्थ तयार होतो. त्याच वेळी थोडा चुनाही मोकळा होतो. हा चुना काँक्रीटला फारशी ताकद देत नाही. राख काय करते, तर हा मोकळा चुना खाते आणि त्याच्यापासून तसलाच घट्ट पदार्थ आणखी तयार करते. आतली बारीक छिद्रं त्याने भरतात. म्हणजे राखेचं जेवण सिमेंटच्या पंगतीनंतरचं. आधी सिमेंटने चुना वाढायचा, मग राख जेवायला बसणार. तीही सावकाश जेवणारी, आणि जेवताना पाण्याचा तांब्या जवळ लागणारी. पाणी संपलं की ती पानावरून उठते. ताकदीचं ते काम पुढे अर्धवट राहतं.

साधं सिमेंटही पाण्याविना अडतंच. १९४० च्या दशकात टी. सी. पॉवर्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की काँक्रीटच्या छिद्रांतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली गेली की सिमेंटचं पाणी पिणं जवळजवळ थांबतं. फरक एवढाच, की साध्या सिमेंटचं बरंचसं काम पहिल्या आठवड्यात उरकलेलं असतं, आणि राखेचं तेव्हा कुठे सुरू होत असतं.

मग अशा सावकाश गड्याला पहिल्यांदा मोठं काम दिलं कोणी? धरणवाल्यांनी. त्यांना सावकाशपणाच हवा होता. सिमेंट पाण्याशी मिसळलं की उष्णता निघते. घराच्या स्लॅबमध्ये ती उडून जाते, पण धरणाच्या पोटात कोंडते आणि पुढे गार होताना तडे पडतात. अमेरिकेत हूवर धरण बांधताना (१९३३ ते १९३५ मध्ये त्याचं काँक्रीट झालं) ही उष्णता काढायला काँक्रीटमध्ये इंचभर व्यासाच्या पोलादी नळ्या घालून त्यांतून गार पाणी फिरवलं होतं. नळ्यांची लांबी भरली ५८२ मैल! राख घातली की सिमेंट कमी लागतं आणि उष्णताही कमी निघते. १९४८ ते १९५३ या काळात माँटाना राज्यात बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणात एक लाख टनांहून जास्त राख वापरली गेली. मोठ्या धरणात राखेचा हा पहिला भरघोस वापर. आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं रिहंद धरण १९६२ मध्ये पुरं झालं, त्यात सुमारे १५ टक्के सिमेंटच्या जागी राख घातली होती. आणि आपल्या महाराष्ट्रात, भंडारदऱ्याच्या वर घाटघरला जो उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला, त्याची धरणं रोलरने दाबत थरावर थर चढवून बांधलेली आहेत. देशात अशा पद्धतीची ती पहिली. त्यांत सिमेंटपेक्षा राखच जास्त आहे. आमच्या नाशिकचे ट्रेकवाले त्या बाजूला नेहमी जातात, पण आपण राखेच्या धरणापाशी उभे आहोत हे त्यांतल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

इथे इतिहासाच्या शिक्षिकेला एक गोष्ट खटकली. धरणात राखेला जे जे हवं ते सगळं आपसूक मिळत होतं. जाडी अनेक मीटरांची, त्यामुळे आतलं पाणी आतच राहायचं. थर रचताना वरून पाणी चालू असायचंच. आणि सवड भरपूर! धरणावर पाण्याचा पुरा भार यायला वर्षं जातात, म्हणून धरणाच्या काँक्रीटची ताकद ९० दिवसांनी, १८० दिवसांनी, कधी वर्षाने मोजतात. राखेने नाव कमावलं ते या माहेरच्या वातावरणात. मग तिला आपण सासरी, आपल्या घरांत आणलं. तिथे पाच इंचांचा स्लॅब, नऊ इंचांचा खांब, डोक्यावर मे महिन्याचं ऊन आणि कंत्राटदाराच्या हातात घड्याळ.

हा बदल झाला कसा, तेही बघण्यासारखं आहे. आमच्या पिढीला सिमेंटची परमिटं आठवत असतील. दहा गोण्यांसाठी अर्ज, शिफारस, हेलपाटे. १९८२ मध्ये सिमेंटवरचं नियंत्रण काही अंशी आणि १९८९ मध्ये पूर्ण उठलं. बाजारात सिमेंट मुबलक झालं, कंपन्यांची चढाओढ लागली आणि ४३ ग्रेड, ५३ ग्रेड हे शब्द गवंड्यांच्या तोंडी आले. जास्त ग्रेड म्हणजे लवकर ताकद, लवकर ताकद म्हणजे सेंट्रिंग लवकर काढता येतं, सेंट्रिंग लवकर निघालं की वरचा मजला लवकर. एकूण पी हळद आणि हो गोरी. आणि नेमक्या त्याच काळात राखेचा प्रश्न डोक्यावर आला. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. वीजकेंद्रं वाढली तशी राखेची तळी वाढली. १४ सप्टेंबर १९९९ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढून वीजकेंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना राख वापरण्याचं बंधन घातलं. पुढे ते अंतर वाढत गेलं आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने सगळीच्या सगळी राख वापरायची जबाबदारी वीजकेंद्रांवर टाकली.

म्हणजे बघा, घाई आणि राख या दोघी एकदमच आपल्या घरात आल्या. एक उतावळी, एक सावकाश. दोघींचं पटवून देण्याचं काम होतं पाण्याचं, आणि नेमकं तेच कोणी मनावर घेतलं नाही.

कागदावर मात्र ते घेतलेलं आहे, हे मुद्दाम सांगते. काँक्रीटचं आपलं मुख्य मानक म्हणजे आय. एस. ४५६. त्याच्या १९७८ च्या आवृत्तीत काँक्रीट किमान ७ दिवस ओलं ठेवा असं होतं. २००० च्या आवृत्तीत साध्या सिमेंटला ७ दिवस राहिले, पण राख-स्लॅगचं मिश्रण असेल तर किमान १० दिवस झाले. कोरड्या, उष्ण हवेत सगळ्यांनाच किमान १०, आणि अशा हवेत मिश्र सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत वाढवावेत अशी शिफारस आली. सातावरून चौदावर! ही दुप्पट मुदत आपल्याकडच्या किती स्लॅबांना मिळते?

आता नातवाचे ठोकळे. काँक्रीटची ताकद तपासायला १५ सेंटिमीटरचे चौकोनी ठोकळे ओततात आणि ठरल्या दिवशी यंत्रात दाबून फोडतात. त्याने काही ठोकळे साध्या सिमेंटचे केले, काही राख घातलेले. प्रत्येकाचे तीन गट. एक गट पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवला, दुसरा ओल्या गोणपाटाखाली, तिसरा कॉलेजच्या गच्चीवर उघड्यावर. सातव्या दिवशी राखेचे ठोकळे तिन्ही गटांत मागे होते. पोरगा हिरमुसला. अठ्ठाविसाव्या दिवशी टाकीतले राखेचे ठोकळे बरेच जवळ आले. नव्वदाव्या दिवशी त्यांनी साध्या सिमेंटच्या ठोकळ्यांना गाठलं. गोणपाटाखालचेही त्यांच्या मागोमाग होते. आणि उघड्यावरचे राखेचे ठोकळे? ते पहिल्या काही दिवसांनंतर जवळजवळ जागचे हललेच नव्हते. माल तोच, प्रमाण तेच, ओतणारा हातही तोच.

मला माझे विद्यार्थी आठवले. वर्गात काही मुलं पहिल्या चाचणीतच चमकतात. काही सहामाहीपर्यंत मागे असतात आणि वर्ष संपता संपता सगळ्यांना मागे टाकतात. अशा मुलांकडे सहामाहीनंतर कोणी बघितलंच नाही, तर ती उमलत नाहीत. आणि आपण शिक्का मारून मोकळे होतो, की मुलगा ढ आहे.

त्या टाकीतल्या ठोकळ्यांची आणखी एक गंमत. साइटवर काँक्रीट ओततात तेव्हा नमुन्याचे ठोकळे करून प्रयोगशाळेत पाठवतात. ते तिथे २७ अंशांच्या पाण्यात आरामात डुंबत असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी ते पास होतात आणि प्रमाणपत्र मिळतं. पण खांब तर उन्हात उभा होता! आमच्या वेळी शाळा तपासायला दिपोटी यायचे तेव्हा पुढच्या बाकावर चार हुशार मुलं बसवून ठेवायची रीत होती. साहेबांनी प्रश्न विचारावा, त्या चौघांनी उत्तर द्यावं आणि शाळेला शेरा उत्तम. टाकीतला ठोकळा हा तसा पुढच्या बाकावरचा मुलगा. हे काँक्रीट काय होऊ शकलं असतं एवढंच तो सांगतो. तुमच्या घराचं काय झालं ते त्याला माहीत नाही.

उपाशी राहिलेल्या काँक्रीटमध्ये सगळ्यात जास्त नुकसान वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या सालीचं होतं, कारण ऊन-वारा आधी तिलाच सुकवतो. आणि नेमक्या त्या सालीच्या भरवशावर आतल्या सळ्या असतात. साल सच्छिद्र राहिली की हवा आणि ओल आत शिरते, सळी गंजते, गंजलेली सळी फुगते आणि वरचं काँक्रीट ढलपून पडतं. आमच्याच नात्यातल्या एका घराचं असं झालं. स्लॅब एप्रिलमध्ये टाकला. तिसऱ्या दिवशी टँकर यायचा बंद झाला. कंत्राटदार म्हणाला, "आजकालच्या सिमेंटला पाणी लागत नाही." थोड्याच वर्षांत सज्ज्याखालचे पोपडे सुटले आणि गज दिसायला लागले. घरमालक आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की राखेच्या सिमेंटने दगा दिला. राखेला तोंड असतं तर तिने विचारलं असतं, दगा कोणी कोणाला दिला?

आता ओलं ठेवायच्या रीती. स्लॅबवर मातीचे किंवा मसाल्याचे बांध घालून पाणी साठवायचं, ही सगळ्यात जुनी आणि आजही सगळ्यात खात्रीची रीत. शेतात वाफे करतात तसं. खांबाला वाफे कुठून करणार? म्हणून त्याला गोणपाट गुंडाळायचं आणि ते वाळू द्यायचं नाही. रस्ते, कालवे अशा मैलोगणती कामांवर मेणाचा किंवा रेझिनचा पातळ थर फवारतात. तो बाहेरून पाणी देत नाही, आतलं उडू देत नाही. घाईच्या जमान्याने काढलेली रीत म्हणजे वाफ. पाइप, पुलांच्या तुळया, रेल्वेचे स्लीपर कारखान्यात ओततात आणि बंद खोलीत वाफेवर ठेवतात, इडल्या ठेवाव्यात तशा. उष्णतेने राख आणि स्लॅग दोन्ही हुशारतात, आठवड्यांचं काम तासांत होतं. पण तिथेही अति घाई नडते. ओतल्यावर लगेच जोराची वाफ दिली तर सुरुवातीची ताकद दिसते आणि पुढची कमी पडते. तापमान ७० अंशांच्या फार वर गेलं तर पुढे कित्येक वर्षांनी आतून फुगून तडे जाण्याचा धोका असतो.

आणि आपल्याकडची सर्वांत लाडकी रीत? सकाळ-संध्याकाळ पाइप धरून भिंतींवर, खांबांवर फवारा मारायचा. बघायला छान वाटतं. पाणी खांबावरून ओघळून जातं आणि तासाभरात खांब कोरडा ठक्क. पुन्हा संध्याकाळपर्यंत उपास. पाणी किती ओतलं याला यात अर्थ नसतो, ओल किती वेळ टिकली याला असतो. हे एक वाक्य जरी कोणी लक्षात ठेवलं तरी माझी वही भरल्याचं सार्थक झालं.

पाण्याचा विषय निघाला की मराठवाडा आठवतोच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. जिथे बाया हंडे घेऊन रात्रभर रांगेत बसतात तिथे काँक्रीटला चौदा दिवस पाणी पाजा असं कोणत्या तोंडाने सांगायचं? मी बरेच दिवस या प्रश्नाशी अडले होते. नातू म्हणाला, "आजी, गोणपाट भिजवून वरून प्लास्टिक गुंडाळलं तर फवाऱ्याच्या मानाने अगदी थोडं पाणी लागतं." म्हणजे पाण्याची टंचाई असली तरी वाट आहे. टंचाई लक्ष देणाऱ्याची आहे. पाणी मारण्याचे वेगळे पैसे सहसा कोणाला मिळत नाहीत, ते एकूण दरात धरलेले असतात. ते काम पडतं साइटवरच्या वॉचमनच्या बायकोवर. तिला चार पोरं सांभाळायची, चूल पेटवायची आणि जमलं तर वर जाऊन पाइप धरायचा. इमारतीचं आयुष्य ठरवणारं काम, आणि ते का करायचं हे तिला कोणी सांगितलेलंही नसतं.

राखेचं नाव खराब होऊ नये असं मला वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. ती काँक्रीटमध्ये गेली नाही तर जाणार कुठे? देशात वर्षाला २५ कोटी टनांहून जास्त राख निघते. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि ती ओली राख शेतांत, नाल्यांत पसरली. ज्या रिहंद धरणात आपण पहिल्यांदा राख वापरली, त्याच्याच जलाशयाकाठी पुढे औष्णिक वीजकेंद्रांची रांग उभी राहिली आणि राखेची तळीही. काँक्रीटमध्ये बांधलेली राख कुठे उडत नाही, की वाहत नाही. शिवाय तिच्यामुळे जेवढं सिमेंट वाचतं तेवढं भट्टीतलं जळण आणि धूरही वाचतो.

आणि सवड दिली तर ती काय करते याचा एक दाखला. हवाई बेटांतल्या कवाई इथे इरैवन नावाचं शिवमंदिर आहे. त्याचे दगड बंगळुरूजवळ घडवून समुद्रमार्गे नेलेले. हे मंदिर हजार वर्षं टिकावं अशी बांधणाऱ्यांची इच्छा. १९९९ मध्ये त्याचा पाया घातला तो कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक पी. कुमार मेहता यांच्या सल्ल्याने. (डेव्हिसनी १९३७ चा निबंध लिहिला ते हेच विद्यापीठ.) पायात सिमेंटपेक्षा राख जास्त, गंजायला सळ्याच नाहीत आणि ताकद मोजायची मुदत ९० दिवस. २०२३ मध्ये तिथे प्राणप्रतिष्ठा झाली. ज्यांना हजार वर्षं हवी आहेत, त्यांनी नव्वद दिवस थांबायची तयारी ठेवली. आपल्याला निदान पन्नास-साठ वर्षं हवी असतात, आणि चौदा दिवस जड जातात.

असो. शाळेत असताना शेवटी ‘स्वाध्याय’ द्यायची सवय होती, तेव्हा घर बांधणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी एक छोटासा स्वाध्याय. गोणीवरचा मजकूर वाचा. राखेचं किंवा स्लॅगचं सिमेंट असेल तर घाबरू नका, पण घाईही करू नका. कंत्राटात पाणी मारण्याचं काम वेगळं लिहा आणि त्याचे पैसे ते करणारीच्या हातात जातील असं बघा. तिला एकदा शेजारी बसवून सांगा, की हे पाणी कशासाठी. आणि प्रत्येक खांबावर तो ज्या दिवशी ओतला ती तारीख रंगाने ठळक लिहा, खाली चौदाव्या दिवसाचीही. मधल्या दिवसांत केव्हाही साइटवर गेलात तर गोणपाटाला हात लावून बघा. ओलं लागलं पाहिजे.